दामाजीचे चार चेंडू

दामाजीचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. आम्ही खाडीत रेती काढायचो तेव्हा तो ओहोटी बघून उठायचा, रोज वेगळ्या वेळी. 'मैदान रेडिओ' या स्टेशनवर कामाला लागल्यापासून वेळ कायमची ठरली. उठून चहा, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मग इस्त्रीचा शर्ट. शर्ट रेडिओवर कोणाला दिसतो, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "माईकला दिसतो." पहिल्या गाडीने डोंबिवलीहून ठाणे, तिथून चालत वागळे इस्टेट. कार्यक्रम सहाचा, हा साडेपाचला खुर्चीत. एकदाही उशीर नाही. मला कामातली ही एक गोष्ट कळते, म्हणून आधी ती लिहिली.

दामाजी खाडीकाठच्या पाड्यातला कोळी. मी त्याच्या वरच्या अंगाला, बौद्धवाड्यात राहतो. आम्ही एका होडीवर वीस वर्षं काम केलं. बांबू तळात रोवलेला असायचा. दामाजी बांबूला धरून लोखंडी बादली घेऊन खाली जायचा, रेती भरून दोर हलवायचा, मी आणि आणखी एक जण बादली वर ओढायचो. मग तो वर यायचा. दिवसभर हेच. खाडीच्या तळाशी काही दिसत नाही, सगळं हाताने चाचपून. पाण्याच्या दाबाने त्याचा डावा कान गेला आणि उजवाही अर्धा झाला. पुढे रेती काढण्यावर बंदी आली. दोघेही कल्याणच्या बाजारात कांद्याच्या गोणी उचलायला लागलो. मी तिथूनच निवृत्त झालो. दामाजी मधेच सुटला, त्याच्या आवाजामुळे.

आवाज रविवारचा. आमच्याकडे टेनिस बॉलचे सामने गावोगावी होतात. खडवलीपासून शीळफाट्यापर्यंत थंडीच्या दिवसांत एक मैदान रिकामं नसतं. चषक असतो, बाईक असते, कधी बोकड असतो. आणि मांडवात माईक घेऊन एक समालोचक असतो. दामाजी तो होता. त्याला क्रिकेट खेळता कधी आलं नाही, पण चेंडू हातातून सुटला की टप्पा पडेपर्यंत काय काय झालं ते तो सांगायचा. मधूनच देणगीदारांची नावं, मधूनच चिमटे.

"बघा बघा, थर्ड मॅनला आपला पिंट्या उभा हाय. उभा हाय का झोपला हाय? पिंट्या, हात वर कर!"

पिंट्या हात वर करायचा. मैदान हसायचं.

षटकार गेला की त्याची एक आरोळी ठरलेली: "वाजव रे ढोल! आज नाय नाचला तो गाववाला नाय!" लगेच ढोलवाले सुरू. पोरं बॅट टाकून नाचायची. मी त्याला होडीवर तोंड उघडताना क्वचित पाहिलं होतं. तिथे श्वास जपायचा असतो. मैदानावर तो सगळा खर्च करायचा.

सलिल नावाच्या ठाण्याच्या माणसाने त्याला खडवलीच्या मैदानावर ऐकलं. सलिल नवीन रेडिओ स्टेशन काढत होता. गाणी नाहीत, फक्त खेळावरच्या गप्पा. क्रिकेट, कबड्डी, कुस्ती, शाळांचे खो-खो. ठाणे-कल्याणात रेडिओ कुठेही लावा, गाणं लागतं. सलिलचं म्हणणं, याच गर्दीत बोलणारं एक स्टेशन चालेल, कारण इथली पोरं दिवसभर खेळावरच बोलतात. मोठ्या सामन्यांचे हक्क घ्यायची त्याची ऐपत नव्हती. म्हणून त्याला इथली मैदानं आणि इथली माणसं पाहिजे होती. दामाजीला त्याने सकाळचे तीन तास दिले. रविवारी कुठे काय झालं ते सांगायचं, लोकांचे फोन घ्यायचे.

पहिल्या चाचणीला दामाजी बंद खोलीत, काचेसमोर, एकटा बसला आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. काचेपलीकडे मृणाल नावाची मुलगी बटणं सांभाळायची. ती म्हणाली, "काका, समोर मैदान आहे असं समजा." दामाजीने डोळे मिटले आणि सुरुवात केली, "पांढरी गाडी, एम एच झिरो फाइव्ह, कोणाची असेल त्यांनी साइट स्क्रीनसमोरून काढावी." मृणाल हसून टेबलावर आडवी झाली. पण त्यानंतर तो थांबला नाही. पुढे रोज सकाळी तो एक गाडी काढायला लावायचा. लोकांना ते आवडलं. फोन यायचे, "दामाजीशेठ, काढली बघा गाडी!"

स्टेशन सुरू झालं तेव्हा प्रचारही त्यालाच करावा लागला. सलिलने स्टिकर दिले. मी रिकामाच होतो, मीही बरोबर जायचो. कल्याण स्टेशनबाहेर रिक्षांच्या रांगेत एकेकाला सांगायचं, रेडिओचा काटा इथे लाव. एक रिक्षावाला म्हणाला, "काका, गाना लावला तर पॅसेंजर गप बसतो. बडबड लावली तर तोच बोलायला लागतो, माझं डोकं खातो." दामाजी म्हणाला, "मंग त्याच्याशी बोल ना. फुकट गिऱ्हाईक मिळालाय बोलायला." रिक्षावाल्याने स्टिकर घेतला. लावला की नाही माहीत नाही. अशी आम्ही दुर्गाडीपर्यंत रांग केली. गोणी उचलण्यापेक्षा ते जड काम. गोणीला नाही म्हणता येत नाही.

ऑफिसात सगळे त्याला 'दामाजी सर' म्हणायचे. पहिला पगार आला तेव्हा त्याने बहिणीला एक रेडिओ घेऊन दिला.

बहीण मनुबाई. त्याच्याहून मोठी, विधवा. डोंबिवली पश्चिमेला मासळी विकते. तिचा एकुलता एक मुलगा प्रणित. पोरगा कुरियरच्या गोदामात कामाला, आणि रविवारी आमच्या गावच्या संघाचा गोलंदाज. उंच, सडपातळ, कमी बोलणारा. दामाजीला स्वतःचं मूल नाही. प्रणितला त्यानेच मैदानावर नेलं. मनुबाईने मात्र त्याला कधी खेळताना बघितलं नाही. आमच्याकडे बायका मैदानावर जात नाहीत, आणि रविवार तिच्या धंद्याचा दिवस. तिला खेळ ठाऊक होता तो धुण्याच्या पिळ्यातून. कपड्यांची लाल माती काढायची ती.

रेडिओ आल्यावर ती खिडकीत लावायची, गल्लीला ऐकू जाईल असा. भाऊ बोलतो म्हणून. आणि सोमवारी मुलाचं नाव येतं म्हणून.

मैदानावर एक रीत आहे. खेळाडू किंवा गावातलं कोणी वारलं की सामना थांबतो. समालोचक नाव घेतो, गाव सांगतो, आणि म्हणतो, सगळ्यांनी जागेवर उभं राहावं. दोन मिनिटं. समालोचक स्वतः उभा राहतो, माईक खाली ठेवतो, डोळे मिटतो. चणेवालासुद्धा हलत नाही. मग समालोचक म्हणतो, बसा, आणि खेळ सुरू होतो. दामाजीने हे पुष्कळदा केलं होतं. त्याच्याइतकं नीट कोणी करायचं नाही. बाकीचे दोन मिनिटं सांगून अर्ध्यात उरकतात. हा पुरी घ्यायचा.

पौषातल्या एका रविवारी आमचा संघ शिळच्या बाजूला अंतिम सामना जिंकला. शेवटची ओव्हर प्रणितने टाकली. दामाजी मांडवात होता. संध्याकाळी बाकीची पोरं टेम्पोत चषक घेऊन निघाली, प्रणित बाईकवर मागून. शीळफाट्याला ट्रेलरने त्याला उडवलं. हॉस्पिटलात पोचायच्या आधीच तो संपला होता.

रात्र दामाजीने हॉस्पिटलच्या बाकावर काढली. शवविच्छेदन सकाळी होणार होतं, अंग दुपारपर्यंत मिळणार नव्हतं. तो पहाटे बहिणीकडे आला, मी तिथेच होतो. त्याने सलिलला फोन करून सुट्टी मागायला काढलेला मोबाईल मनुबाईने धरला.

"तू जा," ती म्हणाली. "इथं बसून काय करशील? जा, रेडिओवर त्याचा नाव घे. सगल्यांना ऐकू दे."

"ताई, आज माझ्याच्यान नाय बोलवणार."

"नुसता नाव घे."

तो गेला. नेहमीच्याच वेळी निघाला, त्याच गाडीने. त्या दिवशी गुळण्या केल्या नाहीत.

सहाला मनुबाईच्या ओटीवर आठ-दहा बायका बसलेल्या. आत-बाहेर आम्ही पुरुष. रेडिओ खिडकीत. दामाजीचा आवाज आला तेव्हा सगळे गप्प झाले. गाडी काढायला लावणं नव्हतं. त्याने प्रणितचं नाव घेतलं, बापाचं नाव घेतलं, गाव सांगितलं. म्हणाला, "काल शिळच्या मैदानावर शेवटची ओव्हर टाकून घरी यायला निघाला, तो पोचला नाय. सगल्यांनी जागेवर उभं राहावं. दोन मिनिटं."

ओटीवरच्या बायका उभ्या राहिल्या. मी उभा राहिलो. मनुबाई भिंतीला धरून उठली.

रेडिओ शांत. समोरच्या घरातलं भांडं वाजलं तेवढंच.

आणि एकदम खिडकीतून दामाजीचाच आवाज फुटला, मोठ्याने, हसत: "वाजव रे ढोल! आज नाय नाचला तो गाववाला नाय!" मागे ढोल. शिट्ट्या. पोरांची ओरड. मग एका बाईचा गोड आवाज, मैदान रेडिओ, खेळाचं घर. मग फर्निचरची जाहिरात. मग पुन्हा ढोल.

मनुबाई रेडिओकडे बघत राहिली, रेडिओत कोणी बसलंय आणि तोंड दाखवेल अशी. शेवटी मीच पुढे होऊन बंद केला.

काय झालं ते मृणालने मला पुढे सांगितलं. स्टेशनात एक यंत्र असतं. वीस सेकंद आवाज आला नाही की त्याला वाटतं काही बिघडलं, मग ते ठेवणीतलं रेकॉर्डिंग आपोआप लावतं. रेडिओवर शांतता चालत नाही. शांतता म्हणजे ऐकणारा दुसऱ्या स्टेशनला गेला. ठेवणीत दामाजीची आरोळी होती, कारण सगळ्यात लोकप्रिय तीच. यंत्र दुसऱ्या खोलीत, मृणालच्या टेबलावरून बंद होणारं नाही. दामाजी मिनिटभर काही बोलेल, श्रद्धांजली वाहील, एवढंच तिला वाटलं होतं. आत माईक चालू, दार उघडता येत नाही, म्हणून ती काचेवर हात आपटत राहिली. पण दामाजी हेडफोन काढून ठेवून उभा होता, पागोटं काढून ठेवावं तसा. हात जोडलेले, डोळे मिटलेले. कान तर खाडीने नेलेला. त्याने दोन मिनिटं पुरी घेतली. मग बसला, हेडफोन चढवले, "बसा" म्हणाला. त्याचा आवाज आला तसं यंत्र आपलं आपण मागे हटलं. त्याला काहीच कळलं नाही. मृणालने पुढचं रेकॉर्डिंग लावलं आणि त्याला म्हणाली, काका, तुम्ही निघा. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दामाजीला वाटलं, प्रणितसाठी आहे.

दुपारी तो स्मशानात सरळ मनुबाईकडे गेला. "ताई," तो म्हणाला, "घेतला नाव. ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगले उभे राहिले असतील बघ."

मनुबाई म्हणाली, "ऐकला."

एवढंच. ती दुसरीकडे वळली.

सांगायचं काम माझ्यावर आलं. अग्नी दिल्यावर खाडीच्या बाजूला नेऊन मी त्याला सांगितलं. त्याला नीट ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगावं लागलं, तेही दोनदा.

मनुबाईने दहाव्यापर्यंत त्याला येऊ दिलं, कारण मामाशिवाय विधी होत नाही. त्यानंतर तिने रेडिओ पिशवीत घालून शेजारच्या बाईबरोबर त्याच्या घरी पाठवला. भांडण नाही, शिवी नाही. तो दारात गेला की ती आतल्या खोलीत जायची. दामाजीची बायको जया मधे पडली. तिला मनुबाई म्हणाली, "माज्या पोऱ्यावर ढोल वाजवला त्याना. मुद्दाम नाय वाजवला, माना ठाऊक हाय. पण कानातून जात नाय."

दामाजीला एकच पाहिजे होतं. पुन्हा एकदा रेडिओवर प्रणितचं नीट बोलायचं. बहिणीने जिथे ते ऐकलं तिथेच. घरात येऊन सांगितलेलं चालणार नव्हतं, ती ऐकायला थांबतच नव्हती. त्याने सलिलला विचारलं. सलिल वाईट माणूस नव्हता. पण त्या सकाळचं रेकॉर्डिंग कोणीतरी मोबाईलवर पसरवलं होतं आणि दुसऱ्या एका स्टेशनवर त्याची नक्कल करून हसून झालं होतं.

"दामाजी सर, तो विषय आता नको," सलिल म्हणाला. "आपण आधीच मागे आहोत. मला जाहिरातवाल्यांना तोंड द्यावं लागतं."

दामाजी रोज जात राहिला. आरोळी त्याने सोडली. गाडीही काढायला लावेना. फोन कमी झाले. ढोलाचं ते रेकॉर्डिंग मृणालने ठेवणीतून काढून टाकलं, त्याला न सांगता.

त्याच्यामुळे स्टेशन बुडालं असं मी म्हणणार नाही. ते बुडणारच होतं. रिक्षात गाणीच वाजत राहिली, सलूनमध्ये गाणीच. आयपीएलच्या दिवसांत थोडी उभारी आली आणि पावसाळ्यात मैदानं बंद झाली तशी तीही गेली. सलिलने सगळ्यांना बसवून सांगितलं, पुढच्या महिन्यापासून आपणही गाणी लावतो. बोलणारी माणसं नकोत, सकाळी एक मुलगी असेल, ती दोन गाण्यांच्या मधे बोलेल. दामाजीचा तो शेवटचा महिना.

शेवटच्या आठवड्यात त्याने पुन्हा विचारलं. सलिलने मान हलवली. निरोपाचा कार्यक्रम आधीच कोणा बिल्डरने प्रायोजित केला होता. बाहेर रवींद्र बसायचा, जाहिराती विकणारा. दामाजी त्याच्यासमोर उभा राहिला.

"श्रद्धांजलीची जाहिरात घेता का तुम्ही?"

"घेतो ना. पण काका, तुम्ही कशाला? सरांना सांगून बघा."

"सांगितलं. आता गिऱ्हाईक म्हणून आलोय. एक मिनिट पाहिजे."

रवींद्रने दर सांगितला. शेवटचा सगळा पगार त्यात जात होता. रवींद्रलाच ओशाळल्यासारखं झालं, त्याने वेळ दुपारची करून दर थोडा उतरवला. तरी पगार गेलाच. मला ते पटलं नाही. मी दामाजीला म्हणालो, तुला कानाचं यंत्र घ्यायचंय, डॉक्टर सांगून थकला. जया म्हणाली, "भाऊजी, जाऊ द्या ते. त्याला झोप येत नाय." मग मी तो विषय सोडला.

मिनिट म्हणजे किती, हे त्याला आता कळलं. प्रणितची शेवटची ओव्हर सांगायची त्याने ठरवली. मैदानावर एका ओव्हरला चार-पाच मिनिटं सहज जातात. इथे एका मिनिटात सहा चेंडू, नाव, गाव. तो माझ्या ओटीवर बसून म्हणून बघायचा, मी मोबाईलवर वेळ लावायचो. घाईने सहा बसत होते. पण घाईने सांगितलं की नुसते आकडे राहायचे, पोरगा दिसायचा नाही. चौथ्या दिवशी त्याने पहिले दोन चेंडू काढून टाकले. मला ते काम बरोबर वाटलं. बादली जेवढी उचलते तेवढीच भरावी.

रेकॉर्डिंग मृणालने केलं, आपली वेळ संपल्यावर थांबून.

मनुबाईकडे रेडिओ नव्हता. त्या दिवशी दुपारी मी माझा घेऊन गेलो. ती दारात बसून जवळा निवडत होती. मी उंबऱ्यावर रेडिओ ठेवला आणि म्हणालो, "मनुबाई, प्रणितचं आहे. ढोल नाही, मी आधी ऐकलंय." तिने हात थांबवला नाही. उठूनही गेली नाही.

सोन्याच्या दुकानाची जाहिरात झाली आणि दामाजी बोलायला लागला. आरोळी नव्हती. शेजारी बसून बोलावं तसा.

"ऐक. चार चेंडूंत चार धावा हव्यात त्यांना. प्रणित चालत मागे जातो. बाही दुमडतो, उजवी, नेहमीसारखी. येतो. पायात टाकला, बॅट आली तोवर चेंडू मागे. चार हव्यात तीन चेंडूंत. पुन्हा चालत मागे. घाई नाय त्याला. या वेळी हळू सोडला, फलंदाज आधीच फिरला, चेंडू उंच, उंच, आणि झेल. पोरं पळत आली, त्याने सगल्यांना परत जागेवर पाठवलं. दोन चेंडू. नवा फलंदाज, एक धाव काढली. शेवटचा चेंडू, तीन हव्यात. प्रणितने मांडवाकडे बघितलं. मी माईक खाली धरला. आला, आणि मधली दांडी उडवली. हसला नाय. चेंडू उचलून पंचाच्या हातात दिला, मग हसला. प्रणित, गाव आपलं. त्याच्या आईला ऐकवायचं राहिलं होतं."

लगेच कसल्यातरी गाण्याची जाहिरात लागली. मी बंद केलं.

मनुबाईचे हात जवळ्यात तसेच राहिले होते. ती म्हणाली, "बाही दुमडायचा तो. शिवण उसवायची उजवे बाहीची. माना वाटायचा काम करताना उसवते."

मी उंबऱ्यावरचा रेडिओ उचलून काखेत घेतला.

"चारच बॉल सांगितले. सहा असतात ना?"

"मिनिटात बसले नाहीत. पहिले दोन राहिले."

"त्यात काय झाला?"

मला ठाऊक होतं. दामाजीने किती वेळा म्हणून दाखवलेले. पहिल्याला षटकार बसला होता, दुसऱ्याला दोन धावा.

"ते दामाजीला ठाऊक," मी म्हणालो.

तिने पदराने हात पुसले. जवळ्याची परात बाजूला सारली.

"मंग त्यालाच पाठव."

मी जाऊन दामाजीला सांगितलं. तो तसाच उठला, अंगावर घरचा सदरा, पायात काही नाही. तिथे तो काय बोलला ते मी विचारलं नाही, ते त्या दोघांचं. त्या महिन्याच्या पगारातून चार चेंडू रेडिओवर गेले, आणि उरलेले दोन सांगायला त्याला बहिणीच्या घरात बसायला मिळालं.